चार माणसांची परीक्षा

सख्खी बहीण सातव्या मजल्यावर, आणि त्याच इमारतीच्या लिफ्टला भावाच्या हातचं सील! असला योग वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. लिफ्ट निरीक्षकाच्या वाट्याला तो आला होता.

ताईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. रोज दवाखान्यात नेऊन व्यायाम दिला नाही तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भावाने आठ माणसांच्या भाराची लोखंडी वजनं लिफ्टमध्ये चढवली आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबवली, तेव्हा ती थांबली कुठे? चांगली वीतभर खाली घसरली. त्याने शेरा मारला : ब्रेक बदलल्याशिवाय चालवू नये. वर्षाचं प्रमाणपत्र अडलं.

मग सोसायटीच्या तीन सभा झाल्या. तळमजल्याचे म्हणाले, आम्ही लिफ्टला हात लावत नाही, ब्रेकशी आमचा काय संबंध? वरचे म्हणाले, मग गच्ची गळते तेव्हा आम्ही का पुढे यायचं? भांडायला माणसं हजर, ब्रेक बदलायला कुणी नाही. दीड महिना ताई खिडकीपाशी बसून रस्ता बघत होती.

शेवटी सेक्रेटरीने वरपर्यंत चकरा मारून तपासणी दुसऱ्या निरीक्षकाकडे वळवून घेतली. कमिटीचे चौघे लिफ्टमध्ये बसून दहा वेळा वरखाली झाले. नवा निरीक्षक खाली उभा राहून मान डोलवत होता. संध्याकाळी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लागलंसुद्धा.

ताईचा भाऊ धावतपळत सेक्रेटरीकडे गेला. "अहो, चार माणसांत काय कळणार? तारेच्या दुसऱ्या टोकाला जे वजन आहे, ते लिफ्ट आणि चार माणसं मिळून होईल एवढं असतं. चौघं बसले की दोन्ही पारडी सारखी. ब्रेकला कामच उरत नाही! भरली लिफ्ट तपासायची असते."

"आम्ही जिवंत समोर उभे आहोत ना साहेब? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

या म्हणीपुढे कायद्याचं काय चालणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईकडे पोचला तेव्हा ती निघालीच होती. लेक, जावई आणि शेजारीण तिला धरून लिफ्टकडे नेत होते.

"ताई, नको ना गं. मी खुर्चीत बसवून जिन्याने नेतो तुला. चार माणसं बोलावतो."

"दीड महिना कुठे गेली होती तुझी चार माणसं?" ताई म्हणाली. "माझ्या पायापेक्षा तुझी सही मोठी. परका आला, त्याने दार उघडलं. पाठच्या भावाने कुलूप घातलं."

खरंच होतं ते. खुर्चीचं त्याला आजवर सुचलं नव्हतं. शेरा मारला, कायदा पाळला, आपलं काम संपलं, असं समजून तो मोकळा झाला होता.

लिफ्ट चौघांना घेऊन अलगद खाली गेली. तो जिना उतरेपर्यंत गाडी निघूनही गेली होती.

तो तिथेच थांबला. संध्याकाळी ताई परतली ती ऑफिसं सुटायच्या वेळेला. तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग होता. तिला आधी आत घेतलं, मग लेक, जावई, शेजारीण, मग बॅगा सावरत आणखी तिघे. आणि सेक्रेटरी.

आठ.

"साहेब, बघून घ्या, तुमचीसुद्धा शंका फिटेल," सेक्रेटरी म्हणाला. आतले हसले. ताईही हसली.

"चौघं उतरा," तो म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. दोन खेपा करा."

कुणी हललं नाही. दारं मिटू लागली. त्याने मध्ये पाय घातला. दारं पायाला लागून उघडली, पुन्हा मिटायला आली, पुन्हा उघडली.

"मामा, काढा ना पाय, आईला उभं राहवत नाही," भाची कळवळून म्हणाली.

"निघ इथून!" ताई ओरडली. "भाऊ मेला म्हणेन मी. पुन्हा दारात येऊ नकोस."

मग बाकीच्यांनी शिव्या घालायला सुरुवात केली. मागे उभे असलेले खांद्याला धरून त्याला ओढू लागले. त्याने दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पाय काढला नाही.