एक जूनची फौज

राळेगावातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानातून मी कापूसवाल्यांची वेबसाइट चालवतो. सकाळी ढीगभर नवे सभासद दिसले. सगळ्यांची जन्मतारीख एक जून आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "बोंडात अळी आहे, काय करू?"

हे नक्की रोबोट, साइट बुडवायला आलेले. मी सगळ्यांची खाती उडवली.

शेजारच्या देवराव काकांना सांगितलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. "शादाब, आमच्या गुरुजीनं शाळेत नाव टाकताना सगळ्याईले एक जूनलेच जन्माले घातलं. कायले उडवलं बे?"

"पण प्रश्नही एकच, काका!"

"अळीबी एकच हाये."

तेवढ्यात दुकानाबाहेर मी उडवलेले रोबोट चपला काढू लागले. प्रत्येकाच्या हातात किडकं बोंड होतं, आणि मी उडवलेली खाती परत आणायचं बटण शोधू लागलो.