टेलरबाईंची कात्री

टेलरबाई एक्याण्णवाव्या वर्षी गेल्या, असं दाखल्यावर लिहिलं आहे. खुद्द बाईंनी एकच वय कधी धरून ठेवलं नव्हतं. रांगेत पुढे घुसायचं असलं की त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या होत, आणि जिन्यात कुणी हात पुढे केला की वीस वर्षांनी तरुण.

त्यांना जाऊन महिना झाला, तेव्हा रविवारी सकाळी तिन्ही मुलं दुकानात जमली. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि शटर. सुनेने शटर अर्धंच उघडलं होतं. बावीस वर्षं ती याच टेबलावर सासूशेजारी उभी राहून कापड बेतत आली होती आणि आज हे टेबल राहणार की जाणार, ते ठरायचं होतं.

थोरल्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, ही खोली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायची होती. ते निवृत्त हेडमास्तर. कुठलाही विषय तीन मुद्द्यांत संपवत आणि तिन्ही मुद्दे त्यांचेच असत. नणंद इस्पितळात मुख्य नर्स होती. तिचं म्हणणं, आधी सगळ्यांनी काही तरी खाऊन घ्या. सुनेचा नवरा बस चालवायचा. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी तो घरीही डोक्यावर घेऊन बसत असे.

आधी आठवणी निघाल्या. एका कचेरीचे पडदे शिवून उरलेल्या कापडाचे बाईंनी तिन्ही मुलांना सदरे शिवले होते. पुढे त्याच कचेरीत दाखल्यासाठी गेले असता भाऊजी पडद्यापुढे उभे राहिले आणि कारकुनाला दिसलेच नाहीत. एकदा एका नवरदेवाच्या कोटाला कापड कमी पडलं, तर बाईंनी एक बाही वेगळ्याच रंगाची लावली आणि 'सध्या असंच घालतात' म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात तसेच तीन कोट शिवायला आले. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. बाईंनी पडल्या पडल्या त्यांच्या कमरेचं माप घेतलं, पोट सुटलंय म्हणाल्या आणि त्यांनाच चालायला जायला सांगितलं. डॉक्टर अजून जातात.

नणंद हसता हसता डोळे पुसू लागली, तसे भाऊजी मुद्द्यावर आले. बाईंनी मृत्युपत्र केलं नव्हतं. पण शेवटचं वर्षभर त्या येईल त्याला एकच वाक्य ऐकवत होत्या: "ज्याच्या हातात माझी कात्री चालेल, त्याचं दुकान."

कात्री टेबलावरच होती. काळी, वजनदार, वीतभर पात्यांची. ती फक्त बाईंचं ऐकते, अशी घराची पक्की समजूत होती. लहानपणी मुलांनी चोरून तिच्याने कागद कापायला घेतला, की कागद पात्यांमध्ये नुसता दुमडायचा. मग बाई पाठमोऱ्याच म्हणायच्या, कळतं हो तिला. बाई डावऱ्या आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कात्रीही डावरी असू शकते, हे मात्र कुणाच्या बापाला सुचलं नव्हतं. तो बापही उजव्या हाताने प्रयत्न करून करून थकला आणि गेला.

एका फिरत्या लोहाराला चार दिवस जेवू घालून बाईंनी ती उलट्या पात्यांची घडवून घेतली होती. हे फक्त सुनेला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिने ती कात्री उचलली, चांगल्या कापडाचं भजं केलं आणि रडायला लागली. सासू दोनच शब्द बोलली: "हात बदल." नंतर दोरा दाताने तोडत म्हणाली, की कुणाला सांगू नकोस, या घरात कात्री मागणारे फार आहेत.

भाऊजींनी आयुष्यभर परीक्षा घेतल्या होत्या, त्यामुळे परीक्षेवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि सुती तुकड्यावर कात्री चालवली. तुकडा दुमडला. त्यांनी दुसऱ्या बाजूने चालवली, मग उभं राहून, मग चष्मा काढून. धार गेलीय, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. नवऱ्याने एकदा दाबून पाहिली आणि गाडी पंक्चर झाल्यावर व्हायचा तसा चेहरा करून खाली ठेवली. मग नणंदेने घेतली. तिचंही कापड दुमडलं. पण तिने कात्री लगेच ठेवली नाही, पाती उघडून उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

सुनेने घाईने नवा तुकडा टेबलावर पसरला. इस्पितळात तऱ्हेतऱ्हेच्या कात्र्या असतात, आणि डावरे सर्जनही.

"आता तू," भाऊजी म्हणाले. आवाजात दया होती.

खरं सांगून टाकावं, असं सुनेला क्षणभर वाटलं. पण मग भाऊजींनी डाव्या हाताचेही तीन मुद्दे काढले असते. तिने डाव्या हाताने कात्री उचलली आणि एका दमात तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला. इतका सरळ, की दोन्ही भाग टेबलावर पडेपर्यंत वेगळे झालेत हे कळलंच नाही.

भाऊजींनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पेपर तपासावा तसे तपासले. लाल शाईला कुठेच जागा नव्हती. आईची इच्छा, असं काहीसं पुटपुटत ते कव्हरवाल्याला फोन करायला बाहेर गेले आणि अर्ध्या शटरला डोकं आपटून घेतलं. नवरा शटर वर करायला धावला.

खोलीत दोघीच उरल्या. नणंद सुनेच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्याच हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

"वहिनी, तुम्ही भाजी उजव्या हाताने चिरता ना?"

सुनेने गळ्यातली टेप उगीचच सारखी केली.

"आई म्हणजे लबाडच होती," नणंद म्हणाली आणि माप द्यायला हात पसरून उभी राहिली. "माझा कोट आधी. आणि यंदा काखेत आवळायचा नाही."

"श्वास सोडा, ताई," सून म्हणाली. "पोट आत ओढून दिलेलं माप मी घेत नाही."