घुमटावरचा दोर

सकाळचे नऊ वाजले तरी दादा घरात होता. गेली वीस वर्षं आठच्या आत तो शिडीवर चढलेला असतो. त्याच शिडीवरच्या कमाईतून त्यानं मला विज्ञान शिकवलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" वहिनी आतून म्हणाली. "चोर ठरवलंय त्यांना. कामावरच्या फळ्यावर नोटीस लिहून."

मग एकेक बाहेर आलं. नव्या सभागृहाचा घुमट रंगवायचं काम दादाकडे होतं. घुमट म्हणजे बरोबर अर्धा चेंडू, व्यास चौदा मीटर. रंगाच्या दोन हातांना अकरा डबे पुरतील, असा इंजिनिअर साहेबांचा हिशेब. लागले बावीस. वरचे अकरा दादानं बाहेर विकले, असं साहेबांचं म्हणणं. पाचपर्यंत खुलासा दिला नाही तर त्याचं नाव कमी होणार होतं. चोर म्हणून काढलेल्या रंगाऱ्याला दुसरं कोण उभं करतं?

"अकरात भागणार नाही, हे तू आधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. म्हणाले, तू ब्रश सांभाळ, गणित आम्ही सांभाळतो."

मी कागद ओढला. एका डब्यात दोन हातांचा चौदा चौरस मीटर भाग होतो, हे डब्यावरच छापलेलं असतं. साहेबांनी नकाशात वरून दिसणारं वर्तुळ मोजलं होतं: एकशे चोपन्न, म्हणजे अकरा डबे. अर्ध्या चेंडूचा फुगीर पृष्ठभाग त्याच्या बरोबर दुप्पट. तीनशे आठ. बावीस डबे. दोन ओळींत संपलं. चूक अवघड असती तर मी समजून घेतलं असतं. ही शाळेतली होती, आणि तिच्यासाठी माझ्या भावाचं नाव फळ्यावर होतं.

"चल," मी म्हणाले. "दोर घे."

"दोर कशाला?"

"तू घुमटावर ज्याला लटकतोस, तो."

ऑफिसात साहेब आणि स्टोअरकीपर होते. मी कागद पुढे ठेवला. साहेबांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मॅडम, कागदावर काहीही सिद्ध होतं."

"रिकामे बावीस डबे तर या स्टोअरकीपरनीच मोजून घेतलेत."

"रंग दुसरीकडे ओतून डबे परत आणता येतात," स्टोअरकीपर म्हणाला.

"मग टेप आणा. नकाशात या कडेपासून त्या कडेपर्यंत किती?"

"चौदा," साहेब म्हणाले.

घुमटाच्या दोन कडांना दोन हूक आहेत. दोर एका हुकापासून माथ्यावरून दुसऱ्या हुकापर्यंत जातो. हुकांच्या जागी दोरावर खुणा होत्या. स्टोअरकीपरनं टेप लावली आणि आकडा वाचायचं सोडून साहेबांकडे बघितलं.

"वाचा की," मी म्हणाले.

"बावीस."

"नकाशात चौदा, घुमटावरून बावीस. रंग फुगवट्याला लागतो, नकाशाला नाही."

तेवढ्यात मला गाठ दिसली. दोर दोन रंगांचा होता. एक तुकडा नवा, एक जुना, विटलेला. ही गाठ मला माहीत नव्हती.

"ही कसली गाठ, दादा?"

तो गाठीवर अंगठा फिरवत राहिला. मी पुन्हा विचारलं.

"ऑफिसनं सोळा मीटर दिला होता. चौदा अधिक बांधायला दोन. पुरेना, म्हणून घरचा आठ मीटर जोडला."

म्हणजे घुमट रंगवायला लागलेले नऊ दिवस माझा भाऊ त्याच चुकीच्या आकड्याला लटकला होता. मी ती गाठ साहेबांसमोर टेबलावर ठेवली.

साहेब उठले. "ठीक आहे, गैरसमज झाला. फळ्यावरची नोटीस पुसून टाकतो."

"पुसू नका."

"मग काय करू?"

"तिच्याचखाली खरं उत्तर लिहा. तीनशे आठ चौरस मीटर, बावीस डबे, हिशेब आमचा चुकला. आणि सही. पाच वाजता सगळे कामगार वाचतील, तोवर राहू द्या."

"ताई, एवढं ताणायचं नसतं," स्टोअरकीपर हळूच म्हणाला.

"नऊ दिवस ताणलेलं तुम्हाला चाललं."

साहेबांनी लिहिलं. अक्षर बारीक काढलं. मी ते मोठं लिहायला लावलं.

दादा एवढा वेळ दोराशी काहीतरी करत होता. गाठ घट्ट बसली होती; त्यानं ती दातांनी सैल केली. नवा तुकडा गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवला, जुना खांद्यावर टाकला.

"हा तुमचा सोळा मीटर," तो म्हणाला. "आतल्या बाजूचा रंग राहिलाय. त्याचं मोजमाप तुम्ही स्वतः वर चढून घ्या. मग मला बोलवा."