सतरा नंबरचं पान

रविवारी सकाळी नऊला हॉलचं दार उघडायचं आणि सव्वानऊला पाय ठेवायला जागा नसायची. सातशे खुर्च्या, त्या भरल्या की भिंतीला टेकून माणसं, आणि सगळ्यांच्या माना वर, मंचामागच्या मोठ्या पडद्याकडे. मंचावर पोथीवाले महाराज. त्यांच्यासमोर टेबलावर उशीएवढी जाड पोथी, आणि पोथीच्या बरोबर वर एक कॅमेरा, म्हणजे पानावर जे घडेल ते शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावं. लपवाछपवी नको, असं महाराज स्वतःच म्हणायचे. चोराने कुलपाची जाहिरात करावी तसं ते होतं, पण तेव्हा मला हे कळत नव्हतं.

महाराजांचं म्हणणं असं, की ही आत्मपोथी लिहिली गेली तेव्हा शाई अजून जन्माला यायची होती. ऋषींनी ती नुसत्या दृष्टीने लिहिली. तुम्ही जन्मायच्या हजारो वर्षं आधी तुमचं पान तिच्यात शिवलेलं आहे. मग 'मी कोण' हे शोधायला रानावनात कशाला जाता? टोकन घ्या.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नंबर लागला. पान पिवळट, कोरं. महाराजांनी त्यावर लहान फवाऱ्याने तीर्थ उडवलं. पान ओलं झालं आणि बघता बघता राखाडी अक्षरं वर आली, मग काळी झाली. महाराजांनी डोळे मिटून, पानाकडे न बघताच वाचलं, "ज्या लेकासाठी तू झुरतेस तो तुझा नव्हताच." बाई ओक्साबोक्शी रडल्या. आख्खा हॉल रडला. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

टोकन मिळण्यासाठी आठवडाभर आधी एक संकल्पपत्र भरावं लागे: काम काय, घरात कोण, दुखणं काय, झोप कशामुळे उडते. पोथीला सगळं आधीच ठाऊक आहे तर फॉर्म कशाला, असं मी ताईला विचारलं. शिस्त म्हणून, असं ती म्हणाली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. पस्तीस वर्षं ग्रंथपाल होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तिचं घर म्हणजे मी आणि पुस्तकं, आणि त्यातही पुस्तकं आधी. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तिनेच मला बाइंडिंगच्या कामाला लावलं, आणि पुढे वाचनालयाची फाटकी पुस्तकंही माझ्याकडेच पाठवली. ही बाई माणसाच्या बोलण्यावर कधी भुलली नाही. भाजीवालासुद्धा तिला घाबरायचा. नुसत्या बोलक्या बुवाला तिने दारात उभं केलं नसतं. पण या लबाडाने तिच्यासमोर पुस्तक ठेवलं, आणि पुस्तकापुढे माझी ताई लहान मूल व्हायची.

तिला मधुमेह, दिवसातून दोनदा इन्शुलिन. तिच्या पहिल्या पानावर आलं, 'तू देह नाहीस. जो टोचला जातो तो तू नव्हे.' तिने एक वेळचं इंजेक्शन बंद केलं. तीन महिन्यांनी पायाला चप्पल लागली, जखम चिघळली आणि उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलेलं इंजेक्शनही सोडलं तर आठवडाभरात हातची जाईल. मी तिच्या खाटेशी बसून हात जोडले. ती पट्टी बांधलेल्या पायाकडे बघून शांतपणे म्हणाली, "जो गेला तो अंगठा होता. मी नव्हते."

मी चिडलो, नको ते बोललो. ती म्हणाली, "तू पुस्तकं शिवतोस रे. वाचत नाहीस."

ते मला जे लागलं ते लागलंच. घरी आलो, जेवण गेलं नाही. ताईवर राग काढता येत नव्हता, म्हणून तो सगळा मी त्या माणसासाठी राखून ठेवला.

आणि मग मंगळवारी त्याची पोथी आपल्या पायाने माझ्या दुकानात आली.

महाराजांचा सेवक ती कापडात गुंडाळून घेऊन आला. दर रविवारी पानं भिजवून भिजवून पोथी फुगली होती, कणा उकलला होता. नवा कणा घालायचा आणि सोबत दिलेली वीस सुटी पानं आत शिवायची, शनिवारी संध्याकाळी घ्यायला येतो, असं तो म्हणाला. ताई माझी बहीण हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाइंडरला त्याचं गणगोत कोण विचारतो? जाताना त्याने बजावलं की पानांना पाणी लावायचं नाही, खळ लावायची नाही, ओला हात लावायचा नाही, नाहीतर पोथीचा कोप होतो.

पानं उजेडात धरली आणि माझी कानशिलं तापली. कडेला शिलाईची जुनी भोकं होती, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर. एवढा रुंद टाका या भागात मी एकटाच घालतो. ऋषींच्या त्या पोथीचा कागद म्हणजे मोडीत काढलेल्या जुन्या रजिस्टरांची शेवटची कोरी पानं होती. गेल्या वर्षी हाच सेवक 'चित्रकलेसाठी' म्हणून ती माझ्याकडून घेऊन गेला होता. म्हणजे माझ्या बहिणीचा अंगठा ज्या कागदाने नेला तो मीच विकलेला. मी मटकन खाली बसलो, आणि बसताना कोपराचा धक्का लागून चहाचा पेला त्या पानांवर कलंडला.

वरचं पान चहाने भिजलं. मी फडकं शोधेपर्यंत त्यावर राखाडी अक्षरं उमटली, मग काळी झाली. 'तुझी सून तुझा आरसा आहे.' तीर्थ नाही, मंत्र नाही. अर्धा पेला चहा, तोही गार. आत्मज्ञान झालं.

मी आधी पोट धरून हसलो. मग रडलो. मग कपाटातून हिराकसची बाटली काढली.

हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. चामड्याच्या पुठ्ठ्यावर काळे ठिपके पाडायला आम्ही बाइंडर पिढ्यान्‌पिढ्या तो वापरतो. पाण्यात विरघळवून कागदावर लिहा, वाळलं की दिसत नाही. मग त्यावर चहा, हिरड्याचं पाणी, डाळिंबाच्या सालीचा काढा, काहीही तुरट ओता. दोघांचं मिळून काळं होतं. जुनी शाई अशीच बनायची, आणि महाराजांचं तीर्थही असलंच काही तुरट पाणी. जी गोष्ट माझ्या कपाटात तीस वर्षं पडून होती तिने माझी बहीण मारायला घेतली होती, आणि मी त्या हॉलमध्ये बसून अंगावर काटा आणून घेतला होता. माझ्यासारखा गाढव मीच.

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक नंबर होता. या रविवारचं ताईचं टोकन सतरा, तिने ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं. सतरा नंबरच्या पानावर मी ब्रशने चहा फिरवला. 'शेवटची बेडी सुई. ती तोड. वैद्य देह पाहतो, तू देह नाहीस.'

तेच पान घेऊन ताईकडे पळत जावं असं वाटलं. पण ती काय म्हणाली असती? तूच लिहिलंस, तुझ्याकडे कागदही आहे आणि हिराकसही. बरोबरच बोलली असती. हे त्याच्याच हातून, त्याच्याच कॅमेऱ्याखाली व्हायला हवं होतं. आणि खरं सांगतो, मी काही समाजसुधारक नाही. तो सातशे माणसांसमोर तोंडावर आपटलेला मला बघायचा होता. नुसतं ताईला वाचवून माझं भागणार नव्हतं.

माझ्याकडे तसला थोडा कागद उरला होता. सुनेचं पान जसंच्या तसं पुन्हा लिहिलं. नव्या सतराव्या पानावर हिराकसच्या पाण्याने माझा मजकूर लिहिला. सगळी पानं शिवून सुंदर जुजबंदी केली, कणा असा बसवला की पन्नास वर्षं हलू नये. सेवक शनिवारी खूश होऊन पोथी घेऊन गेला.

रविवारी ताई पहिल्या रांगेत होती, पाय पुढे घेऊन. मी तिच्या शेजारी, मांडीवर चहाचा थर्मास. रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं, प्रसादाचा का? मी म्हटलं, तसंच समजा.

सोळा पानं झाली, रडारड झाली. मग सतरा नंबर पुकारला. ताई काठी टेकत वर गेली. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पान उघडलं, तीर्थ उडवलं, आणि सवयीप्रमाणे डोळे मिटून खर्जात सुरू झाले की शेवटची बेडी सुई, ती तोड. मागे पडद्यावर हातभर अक्षरं एकेक करून वर येत होती. आधी पहिल्या रांगेत कोणीतरी मोठ्याने वाचलं, मग सगळा हॉल वाचायला लागला.

'मी प्राचीन नाही. मला याच मंगळवारी बाइंडरने शिवलं. ताई, इंजेक्शन घे. हा माणूस खोटं बोलतोय.'

आणि महाराज डोळे मिटूनच होते! "वैद्य देह पाहतो," ते म्हणत होते, "तू देह नाहीस." मागच्या रांगेत हशा फुटला. त्यांना तो भक्तांचा आनंद वाटला असावा, त्यांनी आवाज आणखी गोड केला. त्या अर्ध्या मिनिटाच्या बदल्यात मला कोणी राज्य दिलं असतं तरी मी घेतलं नसतं.

डोळे उघडल्यावर त्यांनी पान पाहिलं, पडदा पाहिला, आणि काही क्षणांत सावरले. धंद्यात मुरलेला माणूस. पोथी कोपली आहे, म्हणाले. सभेत कोणी पापी शिरला आहे, त्याच्या मनातलं विष पानावर आलं आहे. काही बायका घाबरून हात जोडायला लागल्या.

मी थर्मास घेऊन मंचावर चढलो. सेवक आडवा आला, पण त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला. मी अठरावं पान उलगडलं, कॅमेऱ्याखाली धरलं आणि त्यावर चहा ओतला.

"पापी मीच," मी म्हटलं. "आणि हा माझ्या दुकानातला चहा आहे. साखरेचा. बघा याला किती ज्ञान आहे ते."

पडद्यावर अक्षरं आली, 'तुझा व्यवसाय तुझी माया आहे.' अठरा नंबरवाला एक बसचालक होता. तो खालून ओरडला की हे मी फॉर्मात लिहून दिलं होतं. मग मी एकोणीस भिजवलं, वीस भिजवलं. हिराकस काय, कागद कुठला, नंबर कुठे, सगळं सांगितलं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाई उठून मंचाशी आल्या आणि मुलाबद्दल लिहिणाऱ्याचा हात दाखवा म्हणाल्या. महाराज मागच्या दाराने निघाले होते. बसचालकाने ते दार आधीच लावून घेतलं होतं. पोलीस येईपर्यंत ते खुर्चीवर बसून होते आणि त्यांच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

बाहेर आल्यावर ताई काठी टेकत फाटकापर्यंत आली. मग थांबली.

"चारचौघांत माझंच पान वापरलंस."

"हो."

"मला वाचवायला, की त्याला मारायला?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि आधी त्याला."

तिने काठी फाटकाला टेकवली. मग पायाकडे पाहिलं, आणि अंगठा गेल्यापासून पहिल्यांदाच, भर रस्त्यात, त्याच्यासाठी रडली. मला वाटलं होतं सूड घेतल्यावर छाती हलकी होईल. झाली नाही. त्याला शिक्षा झाली तरी अंगठा काही उगवणार नाही, हे तिला रडताना बघून मला नीट कळलं.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मी आठवी नापास माणूस, पण जन्मभर जुने ग्रंथ शिवलेत आणि ताई म्हणाली त्यानंतर थोडे वाचलेतही. त्यांत शिष्य गुरूला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडतात, आणि गुरू रागावत नाही. 'मी कोण' हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तर फॉर्म भरून घेऊन देणारा खोटा आहे. ज्या पोथीला प्रश्न विचारला की तिचा कोप होतो, तिच्यावर आधी चहा ओतून बघा. आणि जो तुम्हाला 'तू देह नाहीस' म्हणतो त्याला विचारा, दात दुखला की तो कुठे जातो.

त्या संध्याकाळी ताईने स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी मी तिला एक कोरी वही शिवून नेली, रोजची साखर लिहायला, नव्या पांढऱ्या कागदाची. तिने कणा दाबून पाहिला, टाके मोजले, आणि ग्रंथपालाच्या त्या सरळ अक्षरात पहिल्या पानावर तारीख घातली, वेळ घातली, आकडा लिहिला: तीनशे बारा. जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

'हा देह माझाच. गेलेल्या अंगठ्यासकट.'