कोरं कार्ड

नासीरचाचांच्या कार्डावर एकही ओरखडा नव्हता. सव्वा वर्ष वापरलेलं प्लास्टिक इतकं कोरं राहत नाही, म्हणून मी ते उलटून पाहिलं. जळगावच्या एका रुग्णालयात मी आरोग्यमित्र आहे. सत्तरी ओलांडलेल्यांच्या सरकारी विम्याची अशी कार्डं रोज हाताळते.

चाचा कापूस पिंजून गाद्या भरतात. डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगून आठ महिने झाले होते.

"कार्ड कधी वापरलंच नाही?" मी विचारलं.

"शहजादीसाठी ठेवलंय. तिचं हृदय कमजोर. वर्षाला पाच लाख मिळतात ना? दोन वर्षं हात लावला नाही, तर दहा होतील."

शहजादीचाची शेजारीच बसल्या होत्या. "गादीतून उरलेला कापूसही हे फेकत नाहीत, ताई. घरात नुसत्या उशाच उशा."

"विमा तसा साठत नाही, चाचा," मी म्हणाले. "वापरा किंवा नका वापरू, नवीन वर्षी पुन्हा पाच लाखच. तुम्हा दोघांत मिळून."

"म्हणजे मागच्या वर्षाचे?"

"गेले."

त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबून धरला. "माझं झाल्यावर यंदा हिला काही उरेल?"

"पुष्कळ. हर्नियाला त्यातला लहानसाच भाग लागतो."

त्यांनी चाचींकडे पाहिलं. मग टेबलावरचं कार्ड माझ्याकडे सरकवत म्हणाले, "लिहा माझं नाव. ऑपरेशन करायचंय."