जांभळी शाल

त्या शुक्रवारी सगळ्या वर्तमानपत्रांनी मिळून एका सिनेमाची पार चिंधी केली. गाजलेली जुनी कादंबरी, गढीतली मुलगी आणि घड्याळं दुरुस्त करणारा तरुण यांची प्रेमकथा. पण पडद्यावर आली ती नाव मोठं आणि लक्षण खोटं अशी, असं एकजात सगळ्यांचं म्हणणं. एकट्या करवतीने मात्र तिला डोक्यावर घेतलं.

करवत म्हणजे या गोष्टीतल्या बाईचे यजमान. वर्तमानपत्रात सिनेमाचं परीक्षण लिहीत, आणि आजवर त्यांच्या हातून साबूत सुटलेला सिनेमा विरळाच, म्हणून ऑफिसातच हे नाव पडलेलं. तेच आता लिहीत होते, की गढीच्या खिडकीत ती जांभळी शाल फडफडते तेव्हा काळजात काहीतरी हलतं.

सकाळीच नणंदेचा फोन आला. नणंदेच्या जिभेला हाड नव्हतं, पण वाईटही काही नव्हतं तिच्या मनात. "वहिनी, दगडाला पाझर फुटला गं आमच्या. कुणी म्हणतंय हात ओले झाले. मी म्हटलं, छे, दादा तसला नाही. नायिका देखणी आहे म्हणे."

ती हसली आणि फोन ठेवला. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

कारण शंका काही आजची नव्हती. पूर्वी ते तिला खेळाला सोबत नेत. हल्ली एकटेच जात. पूर्वी जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आणि वाचून दाखवत. हल्ली दार लोटून ऑफिसातल्या उपसंपादकाला फोनवर मजकूर सांगत. बोलताना नजरेला नजर देत नसत. मान वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिरकं बघत, जणू काही चोरलंय. आणि परवाच कुठल्याशा बाईशी फोनवर हळू आवाजात बोलताना तिने त्यांना ऐकलं होतं: "तुम्ही म्हणाल तेव्हा येतो. फक्त घरी कळता कामा नये."

तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, नणंदेकडे जाऊन येते असं सांगितलं आणि दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं.

थिएटरात कावळे उडत होते. नायिका देखणी होती, हे तिला नाइलाजाने कबूल करावं लागलं. बाकी सिनेमा अगदीच बेतास बात. एकच गोष्ट मनाला लागली, ती घड्याळांची टिकटिक. निरोपाच्या प्रसंगी ती एकेक करून थांबत जाते. यजमानांनी त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते. नायकाच्या खोकल्यावर लिहिलं होतं, जिन्यावरच्या पावलांवर लिहिलं होतं. ती खुर्चीच्या कडेला सरकून जांभळ्या शालीची वाट बघू लागली.

खिडकी आली. शाल फडफडली. शाल पिवळी होती. हळदीसारखी पिवळी.

शाल पुन्हा एकदा येईल म्हणून दिवे लागेपर्यंत ती बसून राहिली. जांभळी शाल कादंबरीत होती. लग्न ठरल्यावर दोघांनी मिळून वाचलेल्या, तिनेच मोठ्याने वाचून दाखवलेल्या. म्हणजे ह्यांनी सिनेमा पाहिलाच नाही? मग ती दुपार कुठे गेली, कुणाकडे? पण मग ती टिकटिक, ते खोकणं, ती पावलं? ती तर कादंबरीत नव्हती.

घरी आली तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं. ते खुर्चीत बसले होते. ती चपला काढून, आवाज न करता त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. जाब विचारायला ती मनात शब्द जुळवत होती.

ते सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "कोण आहे?"

ती शेजारच्या खुर्चीत बसली. तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली, आणि तेच ते तिरकं बघणं.

"शाल पिवळी आहे हो," ती म्हणाली.

त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. समोरचंच दिसत नाही, मधोमध धुरकट डाग असतो. कडेकडेचं तेवढं कळतं. फोनवरची बाई डोळ्यांची डॉक्टर. तिनेही हात टेकलेत. ऑफिसात समजलं तर सदर जाईल, आणि सदराशिवाय आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सिनेमा ते डोळे मिटून ऐकत बसले. जिथे आवाज कमी पडला, तिथे बायकोने वाचून दाखवलेली कादंबरी आपोआप पुढे सरकत गेली.

"मग मला का नाही नेलंत?"

"तू सगळ्यांना बरंच म्हणतेस. करवतीची धार गेली असती."

"बरं म्हणते ते तोंडावर," ती म्हणाली. "पण छापलेलं खोटं छापलेलंच राहतं. संपादकांना आधी खरं सांगा. मग ते ठेवोत की काढोत. ठेवलं, तर पुढच्या सिनेमाला मी शेजारी बसेन आणि दिसेल ते सांगेन."

त्यांनी फोन जवळ ओढला. आकडे बोटांना पाठ होते. पलीकडे घंटा वाजत असताना त्यांनी फोनवर तळहात ठेवला.

"एक सांग. ती नायिका खरंच देखणी होती?"

"होती आपली, बेताची," ती म्हणाली.

ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत राहिले. काही केल्या त्यांचा विश्वास बसत नव्हता.