तीन नंबरच्या टाकीचं परमिट

“दुसऱ्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? खरं सांगा हं, मी कुणाला पकडायला आलेली नाही,” सायमानं विचारलं, आणि कॉन्फरन्स हॉलमधली सगळी डोकी एकदम कुमुदताईंकडे वळली.

हशा पिकला. कुमुदताईही हसल्या. पनवेलहून रोज कंपनीच्या बसनं येऊन तळोज्याच्या त्या रासायनिक कारखान्याचं टाइम ऑफिस त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या, आणि यच्चयावत साहेबांचे पासवर्ड त्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर असत. साहेब उशिरा येणार असला की त्याच्या नावानं मशीन त्या चालू करायच्या, रजेवर असला तर त्याच्या नावानं कागद पुढे सरकवायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट पासवर्ड ताईंकडे आहे, म्हणजे आपण विसरायला मोकळे.

सायमा पनवेलचीच. वडिलांचं बाजारात दुकान, आणि ही पोर कंपन्याकंपन्यांतून सायबर सुरक्षेचं ट्रेनिंग देत हिंडायची. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याचे सगळे कॉम्प्युटर चोरांनी लांबून कुलूपबंद केले, तेव्हा हेड ऑफिसला जाग आली आणि तिला बोलावणं गेलं.

“आता प्रॅक्टिकल,” ती म्हणाली. “स्टोअरमधून एक जुनं मशीन मागवलंय. त्यातून डिलीट केलेल्या फाइल्स आपण परत काढायच्या.”

टेबलावर ठेवलेला मशीनचा डबा कुमुदताईंनी बघताच ओळखला. डब्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. दर दसऱ्याला झेंडूचं फूल वाहून त्यांनीच ओढलेली. हे त्यांचं स्वतःचं जुनं मशीन होतं.

“डिलीट म्हणजे काय?” सायमा सांगत होती. “लायब्ररीतलं पुस्तकाचं कार्ड फाडायचं. पुस्तक कपाटातच असतं, त्याच्या जागी दुसरं येईपर्यंत. हे मशीन तर तीन वर्षं बंद पडून आहे. म्हणजे बहुतेक सगळी पुस्तकं शाबूत.”

तीन वर्षं. तीन वर्षांपूर्वी जगन घरत तीन नंबरची टाकी धुवायला आत उतरला, तो जिवंत बाहेर आला नाही. टाकीत उतरायचं तर आधी आतला वायू तपासायचा, मग साहेबांनी परमिट द्यायचं, असा नियम. ही परमिटं ताईंच्याच मशीनवर तयार होत. त्या दिवशी निकेश ठाकूर साहेबांनी न तपासताच परमिट दिलं होतं. दुपारी बारा वाजता त्यांचा फोन आला होता, “कुमुदताई, माझ्या आयडीनं जा आणि ते परमिट उडवा. छापलेला कागद मी बघतो.” आवाज इतका रोजचा होता की ताईंनी रोजच्यासारखंच ते करून टाकलं. काय केलं ते कळायला संध्याकाळ व्हावी लागली. चौकशीत निघालं, की जगन परवानगी न घेता आपल्या मनानं उतरला. गावानं त्यात दारूची भर घातली. जगनच्या बायकोला, मालूला, कंपनीनं कॅन्टीनमध्ये लावून घेतलं आणि विषय मिटला.

जेवणाच्या सुट्टीत ताई डबा न उघडताच बसून होत्या. नोकरीची चार वर्षं उरलेली. नवऱ्याची, प्रभाकरची, कंपनी बंद पडल्यापासून घरात एकच पगार. मुलगी मनस्वी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पोलीस घरी येतील का? आधी ऑफिसात येतील की सरळ घरी? सोसायटीतले लोक गॅलरीत उभे राहतील. एवढंच पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत होतं.

“बाय, डबा नाय उघडलास?” मालू पाण्याचा जग घेऊन आली होती. ती तिथेच फरशीवर टेकली. “ती पोर म्हनते, पुसल्यालं परत येतं. खरं हाय का गं?”

“येतं कधी कधी.”

“आमच्या स्नेहलला बघाया आल्ते परवा. त्यांनीपन तेच ईचारलं, बाप पीत व्हता का. त्यानं कदी हात नाय लावला गं दारूला. पन कुनाकुनाला सांगू?”

कुमुदताईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

दुपारी भिंतीवर फायलींची यादी झळकली. चार हजारांच्या वर नावं. बघून ताईंना थोडा धीर आला. एवढ्या ढिगात कोण काय शोधणार? “प्रत्येकानं एक फाइल निवडून उघडायची,” सायमा म्हणाली. “काळजी करू नका, काही प्रायव्हेट निघालं तर इथेच राहील. संध्याकाळी मी ही डिस्क आणि आपली कॉपी, दोन्ही पार पुसून टाकणार. मग कुणीही काही केलं तरी परत यायचं नाही.”

म्हणजे फक्त संध्याकाळपर्यंत कळ काढायची होती. ताईंनी मनातल्या मनात देवाला हात जोडले. कुणी सत्यनारायणाचं आमंत्रण उघडलं, कुणी बसची यादी. मग त्यांचा नंबर आला. माउस हातात घेऊन त्या यादी खाली सरकवू लागल्या आणि ते नाव आलंच. फाइलीचं नाव त्यांनीच दिलेलं, त्यांना ते झोपेतही ओळखता आलं असतं.

पहिल्या रांगेत निकेश साहेब फोनमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. यादी बघितली, मग ताईंकडे बघितलं. “ताई, ती क्रिकेटच्या टीमची यादी उघडा की,” ते हसून म्हणाले. डोळे हसत नव्हते.

भीती तर होतीच. पण संध्याकाळनंतर ते परमिट कधीच परत येणार नाही, हेही तितकंच खरं होतं, आणि दारात मालू चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ताईंनी फाइल उघडली.

भिंतीवर परमिट आलं. बाजूला सायमाच्या प्रोग्रामनं काढलेली माहिती: बारा वाजून पाच मिनिटांनी डिलीट, एन. ठाकूर यांच्या आयडीवरून.

निकेश साहेबांनी फोन खिशात ठेवला.

“माझा पासवर्ड तर ताईंकडे असतो,” निकेश साहेब शांतपणे म्हणाले. “सकाळी सगळ्यांनीच दाखवून दिलं ना तसं?”

“मीच उडवलं,” कुमुदताई म्हणाल्या. “तुम्ही फोन केलात आणि मी उडवलं.”

“कसला फोन? पुरावा आहे?”

“नाही.”

सायमानं माउस ताईंच्या हातातून हलकेच काढून घेतला. “आता कुणीही या मशीनला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता. “हे प्रॅक्टिकल राहिलं नाही. डिस्क पुसली जाणार नाही.” तिनं घड्याळात बघून कागदावर वेळ लिहिली.

मालूनं ट्रे कडेच्या टेबलावर ठेवला. पहिल्या रांगेत निकेश साहेबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती ओढून मालू तिच्यावर बसली. या हॉलमध्ये ती कधी बसली नव्हती. साहेब थोडे बाजूला सरकले.

“बाय,” ती म्हणाली, “जगनचं नाव हाय ना त्यात? वाच.”

कुमुदताईंनी वाचलं. तारीख. टाकी क्रमांक तीन. आत उतरणाऱ्याचं नाव, जगन घरत. वायूची तपासणी, कोरी. परवानगी दिली, सकाळी दहा चाळीस, निकेश ठाकूर.

“म्हंजी त्याला पाठवला व्हता.”

“हो. पाठवला होता.”

“आनि ह्ये तुला ठाव व्हतं.”

“होतं.”

मालूनं पदरानं तोंड पुसलं. ताईंकडे तिनं बघितलं नाही, भिंतीकडेच बघत राहिली.

“परत वाच,” ती म्हणाली. “सावकाश वाच.”

कुमुदताईंनी तारखेपासून पुन्हा सुरुवात केली.